पेशकारसाहेबांची हरकत

जालन्यात मला राहू द्यायचं की नाही, हे तहसीलदारांनी ठरवायच्या आधी माझे घरमालक रोज संध्याकाळी ठरवत, आणि रोज नामंजूर करत.

शाळा सुटून पोरं घरी पळायच्या वेळेला ते ओसरीवरच्या पलंगावर मांडी घालून बसत. खाली धोतर, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. उन्हाळ्यातसुद्धा. मी समोर उभं राहायचं. बसायचं नाही, कारण तहसीलीत कुणी बसा म्हणत नाही.

"नाम?"

मी नाव सांगे.

"गाँव?"

"पुणे."

"कायकू आये?"

"तालीम के वास्ते." म्हणजे शिक्षणासाठी.

"इत्ती उमर में तालीम?"

मग मी सांगायचं, की मी बी.ए., एम.ए. झालेलो आहे, आता डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहितो आहे, आणि विषय इकडची बोली आहे. म्हणजे इकडचे लोक कसे बोलतात, ते ऐकायचं आणि लिहून घ्यायचं.

"लोगां की बातां सुनना और लिखना," ते डोळे मिटून पुन्हा म्हणत. "इसकू हमारे यहाँ जासूस बोलते. नामंजूर. उद्या या."

आतून घरमालकीण काकू ओरडत, "अहो, त्यांना चहा तर पिऊ द्या आधी!"

"तहसीलीत चहा भेटत न्हाई," ते म्हणत, आणि शेरवानीची बटणं काढायला लागत. तेवढ्यानं कचेरी बंद झाली असं समजायचं.

ते जन्मभर तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबांपुढे एकेक कागद ठेवायचा, वाचून दाखवायचा आणि सही झाली की उचलायचा, हे त्यांचं काम. पेन्शनीत निघाले तरी गाव त्यांना पेशकारसाहेबच म्हणे. त्यांना स्वतःलाही आपण निघालो आहोत हे कधी पटलं नव्हतं. आता कागद येत नसत, म्हणून ते हाताला लागेल त्याला कागद समजत. शेंगदाण्याच्या पुडीवरचा मजकूर वाचून त्यात चूक काढत. लग्नाची पत्रिका आली की लग्नाला जायच्या आधी मुलीच्या बापाकडे जाऊन सांगून येत, की तुम्ही मुहूर्त लिहिला पण ठिकाण मंदिराच्या आत का बाहेर ते लिहिलं न्हाई. काकूंनी "जेवायला चला" म्हटलं की विचारत, "कोण? मी, का सगळे?" त्यांचे दोन शब्द होते. एक 'तर्तीब', म्हणजे सगळं क्रमानं, जागच्या जागी. आणि दुसरा 'ऐब', म्हणजे खोट. जगात पहिल्याची टंचाई आणि दुसऱ्याचा सुकाळ आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. ताटात भात आधी आला आणि वरण मागून आलं, तर वरण येईपर्यंत ते भाताकडे नुसते बघत बसत.

मी त्यांच्या तावडीत कसा सापडलो ते सांगायला पाहिजे. दुसरं महायुद्ध चालू होतं. आदल्या वर्षी मी कॉलेजातल्या एका मित्राच्या लग्नाला भोकरदनकडे, पिंपळगाव रेणुकाईला गेल्तो. (पाहा, अजून तोंडात येतं.) तिथं शेजारच्या घरी एक म्हातारी पहाटे जात्यावर दळत होती आणि गात होती. तिच्या ओव्यांत असे शब्द आणि क्रियापदांची अशी रूपं होती, की मी अंथरुणातून उठून भिंतीला कान लावून बसलो. पुण्याला परत जाऊन प्राध्यापकांना म्हटलं, विषय सापडला. प्राध्यापक खूश झाले. फक्त एक गोष्ट आम्हां दोघांनाही नीट ठाऊक नव्हती. पिंपळगाव माझ्या भाषेत होतं, पण माझ्या मुलखात नव्हतं. मनमाडहून गाडी पुढे निघाली की निजामाचं राज्य. तिथे मी गैरमुल्की, म्हणजे परका. नोकरी करायची तर मुल्की असल्याचा दाखला हवा, नाही तर खास मंजुरी. गावोगाव हिंडून लिहून घ्यायचं तर आणखी वेगळी मंजुरी. जालन्याच्या एका शाळेचे हेडमास्तर मला मराठीचे तास द्यायला तयार होते, पण म्हणाले, "मंजुरी आणा आणि उद्यापासून या." म्हणून मी खोली शोधली, आणि जिथे कागदाची माहिती आहे असं घर मुद्दाम शोधलं. माझ्यासारखा शहाणा मीच.

पेशकारसाहेबांनी माझा अर्ज उर्दूत स्वतः लिहून दिला. अक्षर असं, की भिंतीवर टांगावं. पण तो द्यायला मला जाऊ देईनात. आधी ओसरीवर मंजूर व्हायला हवा होता. मी चिडून एकदा म्हटलं, "अहो, खरा तहसीलदार एवढं विचारणार नाही."

"खरा तहसीलदार रोज बदलून राह्यला," ते म्हणाले. "एखाद दिवशी विचारणारा आला, मंग?"

शेवटी एका संध्याकाळी, मला वाटतं काकूंनी आत काही सुनावलं असावं, त्यांनी "मंजूर" म्हटलं. मी इतका हरखलो की खरी मंजुरी मिळाल्यासारखा बाजारातून पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी तहसीलीत गेलो. पेशकारसाहेब बरोबर आले. येऊ नका म्हटलं तरी आले. तहसीलदार स्थूल, झोपाळू, पान खाल्लेले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वरवर पाहिला, "तालीम? अच्छी बात है," म्हणाले, आणि टाक दौतीत बुडवला. मला तो टाक अजून दिसतो. शाईचा थेंब निबाच्या टोकाला आलेला होता.

"हुजूर, हरकत है," माझ्या मागून आवाज आला.

तहसीलदारांनी वर पाहिलं. "किस की हरकत?"

"मेरी."

"आप किस की तरफ से आये हैं?"

"इनकी," पेशकारसाहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

 मी मागे वळून डोळ्यांनी, हातांनी, काय काय खुणा केल्या ते मलाच ठाऊक. पण माणूस आपल्या कामात बुडालेला होता. पुढे येऊन, कागदावर बोट ठेवून, अगदी जुन्या सवयीनं वाचून दाखवायला लागले: अर्जात जालन्यात राहून तालीम करणार एवढंच आहे. पण हे तर भोकरदनच्या देहातात जाणार. तो वेगळा तालुका. त्याचा उल्लेखच न्हाई. हा ऐब आहे.

"देहात में क्या करेंगे?" तहसीलदारांनी मला विचारलं.

"लोगों की बातें लिखूँगा."

"कौन सी बातें?"

"कोई भी."

टाक दौतीत परत गेला. ते दिवस असे होते, की सरहद्दीजवळच्या गावांत कुणी अनोळखी माणूस वही घेऊन दिसला, तर तो निजामाविरुद्धच्या चळवळीतलाच समजला जाई. तहसीलदारांची झोप उडाली होती. "ये ऊपर जायेगा," ते म्हणाले. "जवाब आने तक देहात में कदम नहीं रखना."

रस्त्यावर आल्यावर मी ओरडलोच. "सही होत होती! टाक उचलला होता त्यांनी!"

"अर्ध्या कागदावर होत होती. लिहिला मीच, पण ऐब पुढं ठेवतानाच दिसला," ते शांतपणे म्हणाले. "भोकरदनच्या रस्त्यात तुम्हाला धरलं असतं तं काय दाखवलं असतं? आता बराबर झालं. जिथून यायची तिथून मंजुरी येऊन राह्यली."

ती कधीच आली नाही. अर्ज औरंगाबादेहून हैदराबादला गेला एवढं कळलं. पुढे राज्यच राहिलं नाही, आणि माझा तो सुंदर अक्षरातला अर्ज कुठल्या कपाटात गेला देव जाणे.

महिने गेले. शाळेतले तास दुसऱ्याला मिळाले. मी पोरांच्या शिकवण्या करून दिवस काढत होतो. पुण्याहून प्राध्यापकांची कार्डं येत, पहिलं प्रकरण कुठे आहे म्हणून. मी काय लिहिणार? पिंपळगाव बैलगाडीच्या वाटेवर होतं, आणि माझ्या घरमालकांच्या हरकतीमुळे ते मला विलायतेइतकं लांब झालं होतं. खोली सोडून जावं असं रोज वाटे. बिऱ्हाड बांधलंही होतं एकदा. तेव्हा काकूंनी अंबाडीची भाजी निवडता निवडता मला थांबवलं.

"त्यांचा राग करू नका," त्या म्हणाल्या. "एकदा त्यांच्या हातून असंच झाल्तं. वऱ्हाडातला एक मास्तर होता. चांगला गरीब माणूस. ह्यांनी त्याचा कागद पुढं ठेवला, साहेबांनी सही केली. गावाचं नाव होतं, तालुक्याचं राहून गेल्तं. कुणाच्या ध्यानात न्हाई आलं. मंग एक कडक अंमलदार आला. त्यानं मास्तरला भर पावसाळ्यात बायको-लेकरांसंगट हद्दीपार केलं. बायकोला दिवस गेल्ते. नदीला पूर होता." त्यांनी अंबाडीचं पान खुडलं. "पुढचं ह्यांनी मलाबी सांगितलं न्हाई. पन तवापासून असे झाले."

मी बिऱ्हाड सोडलं. म्हणजे दोऱ्या सोडल्या. खोली नाही सोडली. पण माझा राग गेला असं म्हणता येणार नाही. कारण समजलं म्हणजे काम होतं असं थोडंच आहे!

त्याच सुमाराला मित्राचा निरोप आला, की पिंपळगावची ती म्हातारी वारली. मी ओसरीवर जाऊन पेशकारसाहेबांना एवढंच सांगितलं, "ती गेली." त्यांनी विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "माझा प्रबंध." आणि आठ-पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनीही संध्याकाळची कचेरी भरवली नाही. पलंगावर बसत, पण शेरवानी घालत नसत.

अशातच एका दुपारी अमीनसाहेब घरी आले. अमीन म्हणजे पोलिसांचे अधिकारी. बरोबर एक जवान. पुण्याकडचा एक माणूस मंजुरीशिवाय इथे राहतो आणि लोकांना प्रश्न विचारतो, अशी कुणीतरी खबर दिली होती. खबर खरीच होती. मला राहवत नसे. शिकवणीच्या पोरांना, भाजीवालीला, टांगेवाल्याला मी बोलतं करायचो.

"ये कौन?" अमीनसाहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो. नाव, गाव, तालीम, सगळं पाठ होतं. ओसरीवर इतक्या वेळा नामंजूर झालेला माणूस घाबरत नाही. मी तोंड उघडलं.

"मेरा भांजा है," पेशकारसाहेब म्हणाले.

अमीनसाहेबांनी भुवया उंचावल्या. "भांजा? पूने का?"

"बहन पूने में दी है."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थिजल्या. त्यांच्या नवऱ्याला बहीण नव्हती. भाऊही नव्हता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या माणसानं जन्मात कधी खोटं सांगितलेलं नव्हतं. साधं पाहुण्याला घरी नाही म्हणून सांगायचं असलं तरी ते उठून खरोखरच बाहेर जात. अमीनसाहेबांनी लिहून घेतलं, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि गेले.

 त्या दिवशी पेशकारसाहेब जेवले नाहीत. भात आधी आला, वरण मागून आलं, त्यांचं लक्ष नव्हतं.

सकाळी उठून पाहतो तो ते शेरवानी घालून बाहेर पडत होते. काकूंनी मला हलवलं. "जा, जा जल्दी त्यांच्या मागं. काय करतील नेम न्हाई."

मी चौकीवर पोचलो तेव्हा ते अमीनसाहेबांपुढे ताठ उभे होते.

"हुजूर, कल मैं झूट बोला," ते म्हणत होते. "मेरेकू बहन नहीं. ये मेरा भांजा नहीं. दुरुस्त कर लीजिये."

मला वाटलं, संपलं. या माणसानं एकदा मला बुडवलं, मग वाचवलं, आणि वाचवलेलं परत बुडवायला हा पायी चालत आला! राग, हसू आणि भीती मला एकदमच आली. स्टेशन कुठल्या बाजूला आहे याचा मी मनात अंदाज घेत होतो.

 अमीनसाहेबांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "पेशकारसाहब, आप सारी उमर सरकार की नौकरी किये ना?"

"जी."

"फिर इत्ता नहीं मालूम? एक बार लिखा गया सो लिखा गया. मैं भांजा लिख दिया. अब काटूँगा तो मेरे ऊपर हरकत आयेगी." त्यांनी नोंदवही मिटली. "बहन नहीं है, तो पैदा करो. जाओ, घर जाओ दोनों."

पेशकारसाहेबांनी मान लववली. कारण म्हणणं तर्तीबीला धरून होतं. ते वळले आणि चालायला लागले. मी मागोमाग. पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल."

तोवर ते मला अहो-जाहो करत. त्या दिवसापासून मी 'अरे' झालो.

भाडेकरू होतो ते बरं होतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. भाचा झाल्यावर विहिरीचं पाणी शेंदणं माझ्याकडे आलं. दळण आणणं आलं. नातेवाइकांकडची बारशी आली. रामनवमीला जांब समर्थला त्यांच्याबरोबर जावं लागलं, आणि तिथे भेटणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून सांगत, "हा आमचा भाचा." न विचारणाऱ्यालाही. खोटं बोलायचंच तर ते पूर्ण असलं पाहिजे, त्यात ऐब राहता कामा नये. म्हणून संध्याकाळची कचेरी पुन्हा सुरू झाली. आता प्रश्न वेगळे.

"आईचं माहेरचं नाव?"

मी सांगे.

"ते न्हाई. आपल्या घरचं!"

त्यांनी बहिणीला नाव दिलं, लग्न लावून दिलं, तिला लहानपणी देवी आल्त्या असं ठरवलं. काकूही त्यात शिरल्या. ज्या नणंदेचं त्यांनी तोंड पाहिलं नव्हतं तिच्याबद्दल तक्रारी करायला लागल्या. "वन्सं लई तापट," म्हणायच्या. आणि दिवाळीला मी पुण्याला निघालो तेव्हा पेशकारसाहेबांनी माझ्या खऱ्या आईसाठी भाऊबीजेचा खण दिला. आईनं सगळी हकीकत ऐकली, खण डोळ्याला लावला आणि त्याची चोळी शिवून घातली. परत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोचला म्हणून लिहून का न्हाई दिलं तिनं?"

एक मात्र झालं. मामाबरोबर भाचा कुठेही जाऊ शकतो. त्या हिवाळ्यात मी म्हटलं, "मामा, पिंपळगावला जायचंय."

"ती म्हातारी तं गेली ना?"

"तरी जायचंय."

बैलगाडीनं निघालो. हसनाबादला गाडीवाल्यानं बैलांना पाणी दाखवलं, तेवढ्यात मामांनी त्याला बैलाच्या शिंगांना लावलेला रंग दोन्हीकडे सारखा का नाही म्हणून विचारून घेतलं. मी दुसरीकडे बघत होतो.

पिंपळगावला म्हातारीची सून दोघीतिघी बायकांबरोबर ज्वारी पाखडत बसली होती. मी ओव्यांचं विचारलं. ती लाजली, हसली, "मला न्हाई येत" म्हणाली, आणि शेजारणीकडे बघायला लागली. पुण्याचा माणूस, हातात वही. तिची भाषा एकदम शाळेतल्या पुस्तकासारखी झाली. मला हे होणार हे ठाऊक होतं. पण माझ्या मदतीला मामा होते.

"लाजू नका, तर्तीबीनं सांगा," ते म्हणाले. "पहिली ओवी पहिले, दुसरी नंतर."

"ओवीला काय पहिलं-दुसरं ऱ्हातंय व्हय?" ती म्हणाली. "दळन सरलं की ओवी सरली."

"असं कसं? कुठंतरी लिहून ठेवलं असल."

"कोन लिहून ठिवल? आमी दळू राह्यलो का लिहू राह्यलो?"

"बरं. सासूबाई कधी गेल्या?"

"आखाडात गेल्ती."

"गेल्ती न्हाई. 'गेली होती' म्हणा. हा पुण्याचा आहे, परीक्षेला लिहून न्यायचंय त्याला."

मी कपाळाला हात लावला. ज्या एका शब्दासाठी मी इतक्या दूर आलो होतो तो शब्द माझाच मामा माझ्यासमोर दुरुस्त करत होता. पण त्या बाईनं सूप खाली ठेवलं.

"काहून?" ती म्हणाली. "माझी सासू गेल्ती, तवाबी मी 'गेल्ती'च म्हन्ले. तुमच्या 'गेली होती'नं ती वापस येती का?"

मग ती थांबलीच नाही. शेजारणी तिच्या मदतीला धावल्या. मामा प्रत्येक वाक्यात चूक काढत होते आणि त्या प्रत्येक चुकीला वाक्यांच्या वाक्यांनी उत्तर देत होत्या. शेतातलं, पाण्यावरचं, सासरचं, माहेरचं, सगळं बाहेर आलं. रूपं, प्रत्यय, मी कधी न ऐकलेले शब्द. माझा हात भरून आला. "लिव्ह, लिव्ह," एकजण मला म्हणाली, "तुहा मामा कसा येडा हाये ते बी लिव्ह!"

परतताना गाडीत मी विचारलं, "मामा, तुम्ही त्यांना मुद्दाम चिडवत होतात ना?"

ते खरोखरच दुखावले. "मी? मी बराबर बोलायला सांगून राह्यलो होतो. बायका ऐकतच न्हाईत, त्याला मी काय करू?"

त्यानंतर आम्ही भोकरदनकडची पुष्कळ गावं हिंडलो. जिथे जाऊ तिथे मामा कुणाशी तरी भांडत, आणि मी लिहून घेत असे. म्हातारीच्या ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्या प्रकरणाची जागा प्रबंधात रिकामीच राहिली, आणि ती हळहळ मला अजून आहे. पण बाकीची प्रकरणं भरली.

प्रबंधाची तोंडी परीक्षा पुण्याला झाली तेव्हा हैदराबाद राज्यात पोलीस कारवाई होऊन गेली होती, आणि जालन्याला जायला कुणाची मंजुरी लागत नव्हती. परीक्षक वयस्कर, बारीक नजरेचे होते. त्यांनी उदाहरणांची पानं पुन्हा पुन्हा उलटली.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण मला एक समजत नाही. तुमच्या या सगळ्या वाक्यांत माणसं कुणावर तरी भडकलेली आहेत. पानामागून पानं. शेतकरी, बायका, गाडीवान, सगळे एकाच माणसाला बोलतायत असं वाटतं. कोण आहे हा?"

"माझे मामा," मी म्हटलं.